डोंगर अजून पुढेच होता

जुलैमध्ये पसरणीचा घाट चढणाऱ्याला किंवा कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरणाऱ्याला ढग म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. एखाद्या वळणावर पांढरा पडदा अंगावर येतो आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसेनासे होतात. मग चालक काच खाली करतो, गाडी दुसऱ्या गिअरवर आणतो, रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून चालतो. फारच झाले तर गाडी बाजूला लावून चहाच्या टपरीवर जाऊन बसतो.

विमानाला ही सोय नाही. हवेत राहायचे तर वेग हवाच. डोंगराळ भागात प्रवासी नेणारे ‘ट्विन ऑटर’सारखे छोटे विमान साधारण ताशी २७० किलोमीटर वेगाने उडते, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. ढगात पाचशे मीटरपर्यंतचे दिसत असेल, तर समोर कडा दिसल्यापासून त्यावर पोहोचायला सात सेकंदही लागत नाहीत. त्या सात सेकंदांत ओळखायचे, ठरवायचे, दांडा ओढायचा आणि मग विमानाने उचल घ्यायची.

२९ मे २०२२ च्या सकाळी नेपाळमधील पोखराहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे ट्विन ऑटर विमान असेच एका कड्यावर आदळले. विमानात तीन कर्मचारी आणि एकोणीस प्रवासी होते. सोळा जण नेपाळी, दोन जर्मन आणि चार भारतीय. हे चौघे ठाण्यातील एकाच कुटुंबातले होते. अवशेष दुसऱ्या दिवशी मुस्तांग जिल्ह्यात, सुमारे १४,५०० फूट उंचीवरच्या उतारावर सापडले. बावीसपैकी कोणीही वाचले नाही.

एवढ्या जुन्या विमानाचे इंजिन बंद पडले असेल, पंख तुटला असेल, असे कोणालाही वाटेल. विमान १९७९ चे होते, म्हणजे त्रेचाळीस वर्षांचे. पण नेपाळ सरकारच्या चौकशी आयोगाने सांगितलेले संभाव्य कारण वेगळे होते. विमान नकळत ढगाळ, न दिसणाऱ्या हवेत शिरले. वैमानिकांचे योग्य मार्गावर लक्ष राहिले नाही आणि तो राखला गेला नाही. आणि समोर डोंगर आहे असे ओरडून सांगणारी यंत्रणा त्या वेळी दाबून ठेवलेली होती. ‘दाबून ठेवलेली’ म्हणजे यंत्र बिघडलेले नव्हते, त्याचा इशारा बटणाने रोखलेला होता.

विमानशास्त्रात अशा अपघाताला चार इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीफिट’ म्हणतात. विमान सुस्थितीत, वैमानिक शुद्धीवर, सगळे नियंत्रण हातात, आणि तरी विमान सरळ जाऊन जमिनीवर, पाण्यावर किंवा डोंगरावर आदळते. शेवटच्या क्षणापर्यंत आत कोणाला काही विपरीत घडते आहे याची कल्पनाही नसते. इंजिनाच्या आगीपेक्षा किंवा वादळापेक्षा हा प्रकार कमी नाट्यमय वाटतो. पण डोंगराळ मुलखातल्या हवाई इतिहासात सर्वाधिक भीती बाळगावी अशा प्रकारांपैकी तो आहे.

आणि हा इतिहास हिमालयापुरता नाही. सह्याद्रीतही तो घडला आहे. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलितालियाचे डीसी-८ जेट जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील ९४ जण मरण पावले. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एचएस-७४८ हे दोन पंख्यांचे छोटे विमान पनवेलजवळच्या डोंगरात कोसळले. त्यात ४५ जण गेले. एक तारीख जुलैची, दुसरी ऑगस्टची. दोन्ही भर पावसाळ्यातल्या.

यामागचे साधे भौतिकशास्त्र सातारा-सांगलीकर दरवर्षी अनुभवतात. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडते आणि वर चढते. वर चढताना ती पसरते, पसरताना थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि तिथून काही तासांच्या अंतरावरच्या माण, आटपाडी, जत भागात जेमतेम पाचशेच्या आसपास. मैदानी मुलखात ढग बहुधा जमिनीपासून बराच वर असतो. डोंगरात ढगाचा तळ माथ्याच्या खाली असतो. डोंगर ढगाला जन्म देतो आणि मग त्याच ढगात स्वतः लपून बसतो.

घड्याळावरचा विश्वास

रात्रीच्या एसटीने स्वारगेटहून साताऱ्याकडे येताना प्रवाशाला डुलकी लागते. जाग आल्यावर तो घड्याळ बघतो. दीड तास झाला, म्हणजे खंबाटकी मागे पडला असणार. तो पिशव्या आवरायला लागतो, आणि मग कळते की गाडी अजून खेड-शिवापूरच्या टोल नाक्यावरच्या रांगेतून सुटतेच आहे. हिशेब चुकला नाही. चुकले ते गृहीतक, की गाडी नेहमीच्या वेगाने चालली.

उपग्रहांवरून जागा कळू लागण्यापूर्वी विमानांचे बरेचसे मार्गदर्शन याच हिशेबावर चाले. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर. जमिनीवरून येणारे रेडिओ संकेत मदतीला असत, पण दोन संकेतांच्या मध्ये घड्याळच खरे. आणि इथे टोल नाक्याची जागा घेतो वारा. विमानाचा वेग ताशी ४०० किलोमीटर असला आणि समोरून ८० किलोमीटरचा वारा असला, तर जमिनीच्या हिशेबात विमान ३२० नेच पुढे जाते. आत बसलेल्याला याचा पत्ता लागत नाही. वेगदर्शक काटा ४०० च दाखवत राहतो, कारण तो हवेच्या तुलनेतला वेग मोजतो.

जुन्नरच्या अपघातात नेमके हेच झाले, की आपण कुठे आहोत याबद्दलचा समज चुकला. मुंबई जवळ आली असे समजून विमान खाली आणले गेले. मुंबई अजून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर होती आणि मध्ये सह्याद्री उभा होता. चौकशीत वैमानिकाने उपलब्ध रेडिओ साधने वापरून जागेची खात्री केली नाही, किमान सुरक्षित उंची मोडली आणि त्याला या मुलखाची ओळख नव्हती, असे मुद्दे पुढे आले.

भारतीयांच्या स्मरणात सर्वांत ठळक असलेला अपघात याच जातीचा. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ आल्प्समधील माँ ब्लाँच्या शिखराजवळ आदळले. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. या अपघाताभोवती कटकारस्थानाच्या कथा आजही फिरतात आणि समाजमाध्यमांवर दरवर्षी नव्याने उगवतात. फ्रेंच चौकशीतून समोर आलेली घटना मात्र जास्त साधी आहे आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारी. जागा दाखवणाऱ्या दोन रेडिओ ग्राहकांपैकी एक बैरूत सोडल्यापासून बंद होता. जिनिव्हाच्या नियंत्रकाने रडारवर पाहून विमानाला माँ ब्लाँच्या संदर्भात त्याची जागा सांगितली. सांगण्याचा अर्थ होता, शिखर अजून पुढे आहे. वैमानिकाने अर्थ घेतला, शिखर मागे पडले. त्याने उंची कमी करायला सुरुवात केली. त्या पर्वताच्या बोसाँ हिमनदीतून या विमानाच्या वस्तू अजून बाहेर येतात. २०२० मध्ये बर्फातून जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रे निघाली. इंदिरा गांधी पंतप्रधानपदी निवडून आल्याच्या बातम्या त्यांवर वाचता येत होत्या.

तिसरे उदाहरण दक्षिण अमेरिकेतले, अँडीज पर्वतातले. १३ ऑक्टोबर १९७२ ला उरुग्वेच्या हवाई दलाचे फेअरचाइल्ड विमान रग्बी खेळाडूंचा चमू घेऊन चिलीकडे निघाले होते. विमानात ४५ जण. पर्वतरांग ओलांडताना प्लान्चोन खिंडीवर असल्याचा निरोप ३ वाजून २१ मिनिटांनी गेला आणि पलीकडचे कुरिको गाव गाठल्याचा निरोप ३ वाजून २४ मिनिटांनी. हे अंतर कापायला अकरा मिनिटे लागायला हवी होती. इथे घड्याळ खरे सांगत होते, पण त्याच्याकडे पाहिलेच गेले नाही. विमान उत्तरेला वळले आणि ढगातून खाली येऊ लागले, ते थेट पर्वतांच्या मधोमध. बर्फात बहात्तर दिवस काढून त्यातील सोळा जण परतले. त्यांच्या तगून राहण्यावर पुस्तके आली, चित्रपट आले. अपघात ज्यामुळे झाला त्या तीन मिनिटांची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.

जुन्नर, माँ ब्लाँ आणि अँडीज या तिन्ही ठिकाणी विमानात एकच ठाम समज होता, की डोंगर मागे पडला. मन एकदा असा समज करून बसले की पुढची प्रत्येक खूण त्याच समजात बसवते. मानसशास्त्रात यावर भरपूर काम झाले आहे. रोगनिदान करणाऱ्या डॉक्टरांपासून हिशेब तपासणाऱ्यांपर्यंत सगळे या खोडीचे बळी ठरतात. फक्त त्यांच्यासमोर ताशी चारशेच्या वेगाने डोंगर येत नसतो.

ओरडणारे यंत्र

माणसाचा समज चुकेल हे धरूनच डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने एक यंत्र घडवले. विमानाच्या पोटाखालून रेडिओलहरी जमिनीकडे सोडायच्या, त्या परत यायला लागलेल्या वेळेवरून उंची मोजायची, आणि जमीन फार वेगाने जवळ येऊ लागली की कॉकपिटमध्ये मोठ्याने आवाज करायचा, ‘पुल अप!’ म्हणजे वर उचल. डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचे विमान डोंगरावर आदळून ९२ जण मेले. त्यानंतर तिथे मोठ्या प्रवासी विमानांत हे यंत्र सक्तीचे झाले.

यंत्रात एक उणीव होती. ते खाली बघत असे, पुढे नाही. सपाटीतून एकदम उभा कडा आला तर इशारा मिळेपर्यंत उशीर झालेला असे. आपल्याकडच्या लोकांना हे पटकन समजेल. कोकणाच्या बाजूने सह्याद्री असाच उभा आहे, भिंतीसारखा. पोटाखालची जमीन मोजत येणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत सगळे आलबेल वाटेल.

नव्वदच्या दशकात बेटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. जगाच्या उंचसखल भूभागाचा नकाशाच यंत्राच्या स्मृतीत भरायचा आणि उपग्रहाकडून मिळणारी विमानाची जागा त्यावर ठेवून पुढे काय आहे ते आधीच सांगायचे. सोव्हिएत संघ फुटल्यानंतर तिथले तपशीलवार नकाशे विकत मिळू लागले, त्याचाही या कामी उपयोग झाला. या सुधारित यंत्रानंतर मोठ्या प्रवासी विमानांचे डोंगरावर आदळणे इतके घटले की वैद्यकातल्या एखाद्या लसीशीच त्याची तुलना करावी. बेटमन २०२३ मध्ये वारले. किती लोकांचे प्राण त्यांनी वाचवले हे मोजता येत नाही, कारण न झालेल्या अपघातांची नोंद कोणी ठेवत नाही.

मग २०२२ मध्ये हे यंत्र असूनही ते विमान का आदळले? कारण यंत्राचा आवाज बंद होता. आणि बंद करण्यामागे निव्वळ बेफिकिरी होती असे म्हणणे सोपे असले तरी पुरेसे नाही.

पोखरा सुमारे ८२० मीटर उंचीवर आहे, जोमसोम २,७०० मीटरच्या पुढे. मधला रस्ता काली गंडकीच्या दरीतून जातो. एका बाजूला ८,१६७ मीटरचा धौलागिरी, दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरचा अन्नपूर्णा. छोटी विमाने या शिखरांवरून जात नाहीत, त्यांच्यामधून जातात. दुपारी दरीत इतका जोराचा वारा सुटतो की उड्डाणे सकाळीच उरकावी लागतात. उणेपुरे वीस मिनिटांचे हे उड्डाण वैमानिकाने बाहेर डोळ्यांनी बघत करायचे असते. स्वच्छ हवेत, सगळे नीट चालू असतानाही दोन्ही बाजूंना डोंगर जवळच असतो. त्यामुळे यंत्र आपले काम करते, म्हणजे ओरडते. रोज, प्रत्येक फेरीत, काहीही धोका नसताना. रोज ओरडणाऱ्या यंत्राचे माणूस काय करतो? बटण दाबतो.

सांगलीकरांना यातली मेख लगेच कळेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली आहे. पाणी चाळिसाकडे सरकू लागले की नदीकाठच्या गल्ल्यांत सामान वरच्या मजल्यावर जाते, जनावरे हलतात. हीच इशारा पातळी जर १५ फुटांवर ठेवली असती, तर पावसाळ्यात उठसूट भोंगा वाजला असता, पहिल्या वर्षी लोक धावले असते आणि तिसऱ्या वर्षी कोणी खिडकीही उघडली नसती. २०१९ सारख्या महापुरात मग त्या भोंग्याचा काय उपयोग?

रुग्णालयांतही ही अडचण ओळखीची आहे. अतिदक्षता विभागात एका रुग्णाभोवती हृदयाचे ठोके, रक्तदाब, ऑक्सिजन, सलाईनचा पंप, श्वासयंत्र असे अनेक आवाज असतात. यांतले बहुतांश इशारे तातडीने काही करावे लागेल असे नसतात. रुग्ण कुशीवर वळला, बोटाची चिमटी सरकली, की यंत्र बोंबलते. परिचारिका काही दिवसांत या आवाजांना सरावतात, कधी आवाज कमी करतात, कधी मर्यादा सैल करतात. वैद्यकशास्त्रात याला ‘अलार्मचा थकवा’ म्हणतात आणि तो रुग्णसुरक्षेचा गंभीर प्रश्न मानला जातो. परिचारिकांना बोल लावून तो सुटत नाही. इशारा कधी द्यायचा हे यंत्राला अधिक शहाणपणाने शिकवावे लागते. दरीत उडणाऱ्या छोट्या विमानांबाबतही हेच काम राहिले आहे. सपाट मुलखातून येणाऱ्या जेटसाठी आखलेली मर्यादा काली गंडकीच्या दरीत जशीच्या तशी चालत नाही.

याच मार्गावर याच कंपनीचे ट्विन ऑटर २४ फेब्रुवारी २०१६ रोजीही डोंगरावर आदळले होते. तेव्हा २३ जण गेले. ते विमान नवे होते. चौकशीत आढळले की हवा प्रतिकूल असताना वैमानिकांनी पुन्हा पुन्हा ढगात शिरण्याचा निर्णय घेतला आणि त्यांना आपण कुठे, कसे आहोत याचे भान उरले नाही. हे भान हरपणे शरीराशी निगडित आहे, म्हणून त्याकडे थोडे थांबून पाहायला हवे.

कानाचे खोटे बोलणे

फुगडी खेळून थांबले की जग उलट्या दिशेने फिरू लागते. याचे कारण कानाच्या आत आहे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी काटकोनात. त्यांत द्रव असतो. डोके वळले की नलिका वळते, द्रव क्षणभर मागे राहतो, त्यामुळे आतले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला निरोप जातो की आपण वळतो आहोत. पण वळणे एकाच गतीने चालू राहिले तर वीसेक सेकंदांत द्रवही नलिकेच्या गतीने फिरू लागतो. केस सरळ होतात. मेंदूला वाटते, वळणे थांबले. आणि खरोखर थांबल्यावर द्रव पुढे फिरत राहतो, म्हणून जग उलटे फिरते.

जमिनीवर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात डोळ्यांना काही मिळत नाही. विमान हळूच एका बाजूला कलले, तर कलण्याची सुरुवात इतकी मंद असू शकते की कानाला तिचा पत्ताच लागत नाही. वैमानिकाला वाटते आपण सरळ आहोत, प्रत्यक्षात विमान वळत आणि खाली उतरत असते. यंत्रावर पाहून त्याने विमान सरळ केले तर कान सांगतो, आता आपण उलट बाजूला कललो. कानावर विश्वास ठेवणारा पुन्हा विमान आधीच्याच बाजूला कलवतो.

१९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात वीस शिकाऊ वैमानिकांवर याचा प्रयोग झाला. यंत्रांवर बघून उडण्याचे प्रशिक्षण त्यांना नव्हते. त्यांना बाहेरचे दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिले. सगळ्या विसांच्या हातून नियंत्रण सुटले. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. हा आकडा जगभरच्या विमानप्रशिक्षण संस्थांत आजही सांगितला जातो. अर्थात नियमित प्रवासी विमानांचे वैमानिक यंत्रांवर उडायला शिकलेले असतात. पण त्यांचा कान इतरांसारखाच असतो. प्रशिक्षण कान बदलत नाही, कानाकडे दुर्लक्ष करायला शिकवते.

उंचीचाही एक भाग आहे. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के असतो आणि निरोगी माणसाला फरक जाणवत नाही. ट्विन ऑटरसारख्या विमानाच्या केबिनमध्ये मोठ्या विमानांप्रमाणे हवेचा दाब राखला जात नाही, म्हणून १४,५०० फुटांवर आतला दाबही ५८ टक्क्यांच्या आसपास येतो. ऑक्सिजन कमी पडू लागला की पहिला घाला निर्णयशक्तीवर पडतो, आणि तो पडतो आहे हे ज्याच्यावर पडतो त्याला कळत नाही. उलट काहींना उगाच उत्साह वाटतो. २०२२ च्या अपघाताच्या संभाव्य कारणात याचा उल्लेख नाही. इतकी थोडी मिनिटे त्या उंचीवर काढून फार फरक पडेल असेही नाही. पण दहा हजार फुटांच्या वर जास्त वेळ राहायचे तर वैमानिकांना ऑक्सिजन घ्यावा लागतो, तो याचसाठी.

इथल्या आकाशातले हिशेब

सातारा आणि सांगली जिल्ह्यांना विमान परके नाही. कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळात, १९५० च्या दशकात झाली. कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ व्हावा ही सांगलीची मागणी जुनीच आहे, आणि तोवर सांगलीकर उजळाईवाडीला जाऊन कोल्हापूरहून विमान धरतात. मुंबईहून तिकडे येणारे विमान सह्याद्री ओलांडूनच येते.

मोठ्या प्रवासी विमानांसाठी इथला नियम सरळ आहे. डोंगराळ भागात यंत्रांवर उडताना मार्गाच्या आठ किलोमीटर परिसरातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान ६०० मीटर राहायचे. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट सुमारे १,४३० मीटर धरला तर त्या भागात साधारण ६,७०० फुटांच्या खाली यायचे नाही, ढग असो वा नसो. हा नियम पाळला की डोंगर दिसतो की नाही हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न उरतो तो छोट्या विमानांचा आणि हेलिकॉप्टरांचा, जी बाहेर बघत उडतात. त्यांच्यासाठी दृश्यमानता पाच किलोमीटर, ढगापासून आडवे अंतर दीड किलोमीटर आणि उभे ३०० मीटर असे निकष आहेत. कागदावर ते स्पष्ट आहेत. प्रत्यक्षात आषाढातल्या सकाळी कराडहून पश्चिमेला बघणाऱ्याला ठाऊक असते की पाच किलोमीटरचे दोन किलोमीटर व्हायला दहा मिनिटे पुरतात. त्यात मागे बसलेल्यांना सभा, लग्न किंवा पुढचे विमान गाठायचे असते. ‘एवढ्यासाठी काय परत फिरता’ असे विचारणारा प्रवासी हाही त्या ढगाइतकाच धोका आहे, आणि विमान कंपन्या व प्रशिक्षण संस्था आता हे उघडपणे शिकवतात.

इलिनॉयच्या त्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग क्वचितच सांगितला जातो. १७८ सेकंदांचा आकडा ही त्याची सुरुवात होती. खरा उद्देश एक साधी युक्ती शिकवण्याचा होता. ढगात शिरलात तर घाबरून काही करू नका, वेग नेमून घ्या, यंत्रांवर नजर ठेवा आणि हळूच १८० अंशांत वळून आलात त्या वाटेने बाहेर पडा. थोड्या सरावानंतर जवळपास सगळ्यांना हे जमू लागले.

मैदानावर हे वळण कुठेही घेता येते. दरीत नाही. ताशी २७० किलोमीटर वेगाने, ३० अंश कलून वळणाऱ्या विमानाला उलट दिशेला तोंड करायला जवळपास दोन किलोमीटर रुंदी लागते. दरी त्याहून अरुंद झाली की परतीचा दरवाजा बंद होतो. त्यामुळे डोंगरी मार्गांवरच्या वैमानिकांना दरीच्या मध्यातून न उडता एका कडेने उडायला शिकवतात, म्हणजे वळायला उरलेली सगळी रुंदी एकाच बाजूला मिळते. आणि पुढचे दिसेनासे झाले तर परत फिरायचे की नाही, हे दरी अरुंद होण्याच्या आधी, हातात अजून ते दोन किलोमीटर असतानाच ठरवावे लागते.